फितीच्या आधी पिकलेली सीताफळं

सीताफळ हे सरळ फळ नाही. आंबा पिकला की वास सोडतो, केळं पिवळं पडतं, पेरू पिकल्याची बातमी तर पोपटच गावभर करतो. सीताफळ सकाळी दगड असतं, दुपारी हातात घ्यावं तर बोट आत जातं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला उचलायला चमचा लागतो. माझा धारूरचा मित्र म्हणतो की हे फळ आपल्या जिल्ह्याच्या वळणावर गेलंय. वरून नुसते खवले, आतून गोड, आणि वेळेचा भरवसा शून्य. मी त्याला म्हणतो, नावं ठेवायची तर फळाला ठेव, जिल्ह्याला ठेवू नको. फळ कोर्टात जात नाही.

कोर्टाचं मला माहीत असतं, कारण बीडला कोर्टासमोरच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं मी कागदांच्या प्रती काढतो आणि फावल्या वेळात, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत, लोकांना सल्ले देतो. मित्र माझ्या शाळेतला. त्याचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं धारूरच्या बाजारात किराणा दुकान आहे. थोरल्याला तमाम धारूर आप्पा म्हणतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि जिभेवर व्यापार. आप्पांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला आपल्या मालाबद्दल एक वाईट शब्द ऐकवलेला नाही. किडे लागलेली ज्वारी कुणी परत आणली तरी ते म्हणतील, "किडा बी पारखून खातो, मालक." मित्र मात्र अगदी उलटा. तो गिऱ्हाइकाला पाहिलं की पाणी पितो.

या दोघांची धारूरच्या किल्ल्याच्या अंगाला चौदा एकर टेकडी आहे. टेकडी म्हणजे नुसता दगड. तिथं चरायला गेलेल्या शेळ्या दातदुखी घेऊन घरी येतात, हे मी स्वतः बघितलंय. पण त्या दगडातून सीताफळं येतात. कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही, कुणी खत दाखवलं नाही. दसऱ्याच्या आगेमागे झाडं लगडतात आणि आजवर ती फळं वानरं, वाटसरू आणि पाव्हणे याच क्रमानं खात आले.

गेल्या पावसाळ्यात एक ठेकेदार दुकानात आला. खडी क्रशरवाला. चार चहा प्याला आणि टेकडी मागितली. आप्पांनी पाचवा चहा मागवला. मित्र आतल्या पोत्यावरून उठून बाहेर आला आणि म्हणाला, "टेकडी इकायची न्हाई."

इतकं लांब वाक्य त्यानं त्या दुकानात पहिल्यांदाच उच्चारलं होतं, त्यामुळं गिऱ्हाइकं सुद्धा थांबली. मग आठवडाभर भांडण चाललं. साखर तोलता तोलता, तेल मापता मापता, गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून. शेवटी आप्पांनी निकाल दिला.

"बीडला ते खाण्यापिण्याचं प्रदर्शन हाय ना? गावरान माल, बचत गट, तसलं. तितं ने तुझी फळं. समदी इकून दाखव, टेकडी तुझी. एक कॅरेट जरी धारूरला माघारी आला, तर सोमवारी मी टेकडीच्या दस्ताला बसणार. आन् माझ्या शेजारी सही तू बी करायची."

मित्रानं मला फोन केला. "बे, मला बोलता येत न्हाई. तू ये."

माझ्यावर कुणी इतका विश्वास टाकला की माझ्या हातून हमखास काहीतरी होतं. यावेळीही झालं.

सीताफळ काढायची एक रीत असते. फळाच्या खवल्यांमधल्या फटी रुंदावतात, पांढुरक्या दिसायला लागतात. त्याला डोळे उघडले म्हणतात. डोळे उघडल्याशिवाय फळ तोडलं तर ते आयुष्यभर दगडच राहतं, आणि पुरते उघडले तर झाडावरच वानराच्या ताब्यात जातं. मित्र पहाटेपासून टेकडीवर एकेका फळाच्या डोळ्याला डोळा लावून फिरत होता. त्यानं तीस कॅरेट भरले आणि त्यांवर खडूनं एक, दोन, तीन, चार असे आकडे घातले. प्रदर्शन चार दिवसांचं. एक लिहिलेलं पहिल्या दिवशी पिकणार, चार लिहिलेलं चौथ्या. बोलता न येणाऱ्या माणसाचं हे असं असतं, तो सगळं आधीच करून ठेवतो.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही टेम्पोनं बीडला मैदानावर पोचलो. मैदानभर बारीक खडी अंथरलेली होती. चिखल होऊ नये म्हणून एका दानशूर माणसानं सेवा म्हणून टाकून दिली, असं मंडपवाल्यानं सांगितलं. दानशूर माणूस कोण ते बोर्डावर लिहिलेलं होतंच. आमचाच ठेकेदार. मित्रानं खाली बघितलं, एक खडा उचलला, परत ठेवला.

स्टॉलचा पास आणायला तो गेला आणि माल माझ्या जिम्मेदारीवर सोडून गेला. मला वाटलं, धूळ बसेल, येणारे-जाणारे दाबून बघतील, वाईट नजर पडेल. म्हणून मी सगळे कॅरेट एकावर एक रचले, फटीतून टेम्पोतलं गवत कोंबलं आणि वरून काळी ताडपत्री अशी घट्ट बांधली की आत वाऱ्यानं जायचं तर अर्ज करावा लागला असता. वरून पत्रा, पत्र्यावर ऑक्टोबरचं ऊन. मित्र आला तेव्हा मी त्या ढिगावर हात ठेवून उभा होतो, किल्लेदारासारखा.

"कावून झाकलं बे?"

"सुरक्षा," मी म्हणालो.

सकाळी ताडपत्री सोडली तर तोंडावर गोड वाफ आली. एक लिहिलेलं पिकलं होतं. दोन पिकलं होतं. तीन आणि चार सुद्धा पिकायला टेकली होती. चार दिवसांचा माल मी एका रात्रीत एका दिवसावर आणून ठेवला होता. सरकारी खात्यात हे केलं असतं तर माझा सत्कार झाला असता.

मित्रानं मला शिवी दिली नाही. एक फळ उचललं, कानाशी धरलं, जणू ते काही सांगणार होतं, आणि म्हणाला, "आज सांजपर्यंत अमृत हाय. उद्या सकाळी ताक."

म्हणजे हिशोब सोपा झाला. अंधार पडायच्या आत तीस कॅरेट जायला पाहिजेत, नाहीतर टेकडीची खडी होणार.

उद्घाटन दहाला होतं. आयोजकांनी भोंग्यावरून जाहीर केलं की फीत कापल्याशिवाय कुणीही एका पैशाचा माल विकू नये. विकला तर स्टॉल बंद. दहाचे बारा झाले. पुढारी निघाले आहेत, असं कळलं. बारानंतर कळलं की ते कालही निघाले होते.

एवढ्या वेळात मला या प्रदर्शनाचं मर्म कळलं आणि ते कळल्यावर मी खडीवर खाली बसलो. चाळीस स्टॉल होते. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, झुणका, धपाटी, शेंगदाण्याची चटणी, लोणची. आणि दिवस होता नवरात्राचा तिसरा. आपल्याकडं नवरात्रात अर्धा जिल्हा नऊ दिवस उपवास धरतो आणि उरलेला अर्धा धरल्यासारखं दाखवतो. अशा दिवसांत भाकरी-ठेच्याचं प्रदर्शन. मी आयोजकांना विचारलं. ते सरळ माणूस होते, त्यांनी सरळ सांगितलं. "नवरात्रात लग्नं नसतात. लग्नं नसली की पुढारी मोकळे असतात. म्हणून तारीख मिळाली."

"पण खाणार कोण, साहेब?"

आयोजकांनी वर बघितलं. "बैठकीत चहा-बिस्किटं होती. उपवास कुणाच्या डोक्यात आला नाही."

शेजारच्या स्टॉलवर आष्टी तालुक्यातल्या कडा गावच्या बचत गटाची मावशी होती. परात, तवा, शेगडी, सगळा संसार घेऊन आलेली. तिनं मला हाक मारली.

"भाऊ, तुमचा उपास हाय का?"

"न्हाई मावशी."

"देवानंच धाडलं तुमाला. माझा नऊ दिवसांचा हाय. माझ्या समद्या बायांचा हाय. झुणका केलाय, पर मीठ कुनी बगावं?"

मी मीठ बघितलं. कमी होतं, सांगितलं. ती पलीकडच्या स्टॉलवरच्या बाईला म्हणाली, "अगं, ह्यो माणूस जेवतो." मंडपात ही खबर वणव्यासारखी गेली. चाळीस स्टॉलवर स्वयंपाक करणाऱ्या सगळ्या बाया उपाशी, आणि जीभ रिकामी असलेला प्राणी अख्ख्या मैदानात मी एकटा. "इकडं या भाऊ." "आमच्या ठेच्याला तिखट बसलंय का बगा." "आमटी आळणी वाटते का?" दुपारपर्यंत मी जिल्ह्याचं मीठ तपासलं. अकरा तालुक्यांची चव माझ्या पोटात एकत्र आली आणि तिथं त्यांचं जमेना. तरी मी कुणाला नाही म्हटलं नाही. मित्राची फळं विकायचं काम माझ्याकडं होतं, पण फीत कापेपर्यंत विकायचंच नव्हतं, मग कर्तव्य कुठंतरी केलंच पाहिजे.

मित्र मात्र फळांसमोर उभा होता. एकेक उचलायचा, अलगद दुसऱ्या बाजूवर निजवायचा. काही फळांना तडा जायला लागला होता. तो तडा गेलेली बाजू वर करायचा, जखमी माणसाला निजवतात तशी.

दोन वाजता आप्पा आले. धारूरहून एसटीनं, धुतलेल्या धोतरात, आमची हार बघायला यावं तसे. त्यांनी रिकामा कॅरेट उपडा घातला, त्यावर बसले आणि म्हणाले, "काय, धंदा बरा हाय का?"

"फीत न्हाई कापली अजून," मित्र म्हणाला.

"कापतील की. घाई कसली हाय. फळं काय कुटं पळायलेत का?" त्यांनी एक फळ दाबलं. बोट आत गेलं. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि आणखी खुशीत बसले. "सोमवारी ठेकेदार गाडी धाडणार हाय. तुला बी यावं लागंल. जाताना केळ्याचा फराळ करू वाटंत."

मित्रानं आणखी एक फळ अलगद निजवलं. मी बोललो असतो, पण माझ्या तोंडात आष्टीचा ठेचा होता.

पावणेपाचला भोंगे वाजायला लागले. गाड्या आल्या. पुढारी उतरले आणि मंडपात एकच कुजबुज झाली, कारण साहेब अनवाणी होते. नवरात्राचं त्यांचं व्रत होतं, नऊ दिवस पायात काही नाही, पोटात अन्न नाही. गाडीपासून फितीपर्यंत लाल गालिचा होता. गालिच्यावरून ते चालत आले ते देवासारखे आले. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. गालिचा फितीपाशी संपत होता. तिथून पुढं ठेकेदाराची सेवा सुरू होत होती.

पहिल्याच पावलाला साहेबांचा चेहरा गंभीर झाला. दुसऱ्याला त्यांनी शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकला, ते आपुलकीनं टाकल्यासारखं वाटलं, आणि तो माणूस धन्य झाला. त्यांच्या मागं ठेकेदार होता, पाण्याची बाटली धरून. जोडे घातलेला.

पहिला स्टॉल लोणच्यांचा. तिथं नमस्कार झाला. दुसरा मावशीचा. तिनं भाकरी पुढं केली. साहेबांनी ती तोंडाजवळ धरली, फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा तोंड उघडा." साहेबांनी उघडलं. फोटो निघाला. साहेबांनी तोंड मिटलं आणि भाकरी परत दिली. तेवढ्या अवधीत त्यांच्या डोळ्यांत भाकरीविषयी जे दिसलं ते कुठल्या जाहीरनाम्यात दिसणार नाही.

तिसरा स्टॉल आमचा. साहेबांनी पुढं पसरलेल्या सदतीस स्टॉलांकडं आणि तिथवर पसरलेल्या खडीकडं बघितलं आणि म्हणाले, "इथं जरा बसतो." मावशीची खुर्ची आली. साहेब बसले, पाय किंचित उचलून. मग त्यांना समोर फळं दिसली. "हे चालतं मला," ते म्हणाले. "सकाळपासून हे एकच चालणारं दिसलं."

हाच तो क्षण. यासाठीच मला आणलं होतं. मित्रानं फळ पुढं केलं आणि माझ्याकडं बघितलं, बोल म्हणून. आणि माझ्या तोंडात अख्खं धपाटं होतं. मावशीनं गर्दीत संधी साधून मीठ बघायला दिलेलं. गरम होतं. गिळता येईना, थुंकता येईना, पुढाऱ्यासमोर तर अजिबात नाही. मी भुवयांनी जेवढं बोलता येईल तेवढं बोललो.

साहेबांनी पहिली फोड तोंडात टाकली आणि विचारलं, "कुठलं हे?"

कुणी बोलेना. मित्र पाणी शोधत होता. मी चावत होतो. गिऱ्हाईक मालासमोर बसलंय, हातात माल आहे, विचारतंय, आणि दुकानाकडून उत्तर नाही. मी आप्पांकडं बघत होतो. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस असली शांतता किती वेळ सोसणार. ते उपड्या कॅरेटवरून उठले.

"धारूरचं हाय, साहेब," आप्पा म्हणाले. "बालाघाटच्या काळ्या दगडातलं. दगडातल्या फळाची गोडी पाण्याच्या फळाला येत न्हाई. घ्या, दुसरं घ्या, ह्याचे डोळे बगा कसे उगडलेत."

साहेबांनी दुसरं घेतलं. बिया कुठं टाकायच्या हा प्रश्न आला. ठेकेदारानं बाटली काखेत मारली आणि ओंजळ पुढं केली. साहेब त्या ओंजळीत बिया टाकायला लागले.

"टेकडी कुणाची?"

"आमचीच. चौदा एकर."

"झाडं कुणी लावली?"

मित्राच्या हातातला तांब्या थांबला. कुणीच लावली नव्हती, हे आप्पांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण माल पुढं सरकत असताना आप्पांची जीभ मागं सरत नाही. "वडलांनी," ते म्हणाले. "एकेक झाड आपल्या हातानं. पोटाला चिमटा काढून. कावडीनं पाणी घातलं, साहेब, कावडीनं."

मला आप्पांचे वडील चांगले आठवतात. ते दुकानाच्या गादीवरून पाणी प्यायलासुद्धा उठत नसत.

भोवती गर्दी जमली होती. दहा-पंधरा मोबाईल वर गेले होते. भोंगेवाल्यानं आपला माईक आणून दोघांच्या मधे धरला. साहेबांनी चौथं फळ संपवलं, की पाचवं, यावर मावशीचं आणि माझं अजून एकमत नाही. मग ते कळवळून म्हणाले, आणि ते मैदानभर ऐकू गेलं, "लोक असल्या टेकड्या विकून टाकतात, फोडून टाकतात. तुम्ही विकू नका बरं का, आप्पा."

आप्पांनी समोर बघितलं. साहेबांच्या खुर्चीमागं ठेकेदार, ओंजळीत बिया, तोंड किंचित उघडं. एवढ्या वेळ भाषण करणारे आप्पा गप्प झाले. माईकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात माझं धपाटं घशाखाली गेलं आणि मला बोलता आलं असतं, पण मी बोललो नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम, आणि ते मी न बोलून केलं.

साहेब वाट बघत होते. गिऱ्हाईक वाट बघत होतं.

"आईला कुनी इकतं का, साहेब," आप्पा म्हणाले.

टाळ्या पडल्या. ठेकेदारालाही वाजवायच्या होत्या, पण हात भरलेले होते.

साहेब उठले, गाडी मंडपात आत बोलावली आणि उरलेल्या सदतीस स्टॉलांना गाडीतून नमस्कार करत गेले. त्यांच्यामागं जी गर्दी आमच्यावर पडली तिचं वर्णन करायचं तर मला थोडं कमी करून सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. उपाशी जिल्हा होता. सकाळपासून भाकऱ्यांचे वास सोसलेला. पुढाऱ्यानं खाल्लेलं, उपवासाला चालणारं आणि आताच्या आता खाल्लंच पाहिजे असं एकच फळ मैदानात होतं. मित्र वजन करायला गेला तर आप्पांनी त्याच्या हातातली तागडी हिसकली.

"सर बे, तुला झुकतं माप देता येत न्हाई." आणि गर्दीकडं वळून, "या ताई, या. आत्ताच खायचं, घरी न्यायचं न्हाई. वाटंतच खा. फुटलंय? फुटलेलंच गोड, ताई. न फुटलेलं मी तुमाला देनारच न्हाई."

दिवे लागायच्या आत एकोणतीस कॅरेट संपले. तिसाव्यात नुसता लगदा उरला होता. मित्राचा जीव त्यात अडकलेला, कारण करार एका कॅरेटचा होता. आप्पांनी मावशीला हाक मारली. "मावशी, तुमच्या बाया सकाळपासून उपाशी हायेत. ह्यो रबडीचा माल. दूध तुमचं, फळ आमचं." मावशीनं घासाघीस केली, आप्पांनी केली, आणि कॅरेट गेला. स्वतःच्या विरुद्धचा करार आप्पांनी स्वतः शेवटच्या फळापर्यंत पार पाडला, आणि त्याचं भान त्यांना आलं ते रिकामा कॅरेट झटकताना.

ते तसेच तो कॅरेट हातात धरून उभे राहिले. हात धुऊन ठेकेदार आला.

"आप्पा, मंग सोमवारचं कसं?"

आप्पांनी इकडंतिकडं बघितलं. मावशी रबडी ढवळत होती, पण कान इकडं. "बोललोय आता," आप्पा म्हणाले. "भोंग्यावर बोललोय."

"भोंग्यावर लोक काय बी बोलतेत. साहेब बी बोलतेत."

"ते साहेब हायेत. मी दुकानदार हाय."

ठेकेदार गेला. आप्पा आमच्याकडं वळले आणि त्यानंतर टेम्पोत बसेपर्यंत ते जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सार एवढंच की हा सगळा आम्हा दोघांचा डाव होता. मी मुद्दाम तोंडात धपाटं धरलं होतं. मित्र मुद्दाम मुका झाला होता. मी नाकारलं नाही. फुकट मिळणारं श्रेय मी कधी नाकारत नाही.

मावशीच्या गटानं दुसऱ्या दिवशी भाकरीचा तवा बाजूला ठेवून भगर आणि शेंगदाण्याची आमटी सुरू केली. तिसऱ्या दिवशी उरलेल्या एकोणचाळीस स्टॉलांवर भगर होती आणि आयोजकांनी अहवालात प्रदर्शन यशस्वी झाल्याचं लिहिलं. मी मात्र घरी होतो. पोटात अकरा तालुके भांडत होते.

आप्पा धारूरला पोचायच्या आधी त्यांचा व्हिडिओ पोचला होता. स्टँडपाशी टेम्पोतून उतरले तर पानवाल्यानं विचारलं, "आप्पा, आई बरी हाय ना?" त्यांची सख्खी आई जाऊन आठ वर्षं झालेली. दुकानात लोक साखर मागायच्या आधी आईची खुशाली विचारायला लागले. सोमवारी ठेकेदाराची गाडी खरंच आली. ड्रायव्हर दुकानासमोर उभा राहिला आणि सगळा बाजार कामं सोडून बघायला लागला. आप्पांनी एक चहा मागवला, एकच, तो ड्रायव्हरला पाजला आणि गाडी रिकामी परत धाडली. महिन्याभरात ठेकेदारानं दोन गावं पलीकडं दुसरी टेकडी घेतली. तिच्यावर सीताफळं नव्हती, आणि मालकाला कुणी माईकसमोर बसवलं नव्हतं. तिथला सुरुंग उडाला की आप्पांच्या दुकानातले डबे वाजतात. आप्पा हातानं डबे धरतात, आवाज संपला की सोडतात.

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. आप्पा व्यापारी होते, आणि भोंग्यावर विकलेला माल खोटा निघालेला त्यांना चालेना. वडलांनी झाडं लावली म्हणून सांगून बसले होते. एके दिवशी त्यांनी टेकडीवर गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याला दुकानात बसवून विचारलं, मी तिथंच होतो, "बाबा, खरं सांगा. आमच्या वडलांनी तितं एक तरी झाड लावलंतं का?"

म्हातारा म्हणाला, "लावलं म्हंजे, थुकलं. दसऱ्याच्या सुमाराला मळ्याकडं जाताना टेकडीच्या वाटंनं सीताफळ खात जायाचे. बिया थुकत जायाचे, दोनी अंगाला. वाटंच्या कडंचीच झाडं बगा की, म्हाताऱ्यानं कशी रांगंत थुकलीत."

आप्पांनी म्हाताऱ्याला पावशेर गूळ बांधून दिला. पैसे घेतले नाहीत, धारूरच्या इतिहासात पहिल्यांदा. म्हाताऱ्याला त्या दिवशी सकाळी धारूरच्या स्टँडवर चहा कुणी पाजला होता, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. शिवाय तो खरं सांगत नसेल कशावरून. मी त्याला एका झाडाचं सांगितलं होतं. रांग त्याची त्यानं आणली.

यंदा फळं पिकल्यावर मित्रानं मला टेकडीवर नेलं. सकाळची वेळ. आम्ही चढण चढून वर आलो तर पलीकडच्या वाटेनं आप्पा चालले होते, एकटेच, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात फुटलेलं सीताफळ. मित्रानं मला हातानं थांबवलं. आप्पा फोड तोंडात टाकत, चार पावलं चालत, मागंपुढं बघत, आणि डाव्या अंगाला बी थुंकत. पुढं जाऊन उजव्या अंगाला. जिथं नुसता कातळ होता तिथं तोंडातली बी तशीच धरून ठेवत आणि माती लागली की सोडत.